एकोणीस तासांची झेप

सिंगापूर ते न्यूयॉर्क. जगातल्या सर्वांत लांबच्या थेट विमानप्रवासांपैकी हा एक. नकाशावर या दोन शहरांमध्ये अख्खा प्रशांत महासागर पसरलेला दिसतो. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो! त्यांच्या रेखांशांत जवळजवळ 180 अंशांचा फरक असल्यामुळे हे घडते. या वाटेने अंतर भरते सुमारे 15,350 किलोमीटर.

तरीही वैमानिक दर वेळी हीच वाट धरत नाहीत. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे पाठीशी घेण्यासाठी विमान अनेकदा प्रशांत महासागरावरून जाते. अंतर वाढते, वेळ मात्र वाचतो. मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो, तोही याच वाऱ्यांमुळे.

सिंगापूर एअरलाइन्सने 2004 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला थेट सेवा सुरू केली. चार इंजिनांच्या विमानाला इंधन फार लागे. 2013 मध्ये ती बंद झाली. 2018 मध्ये दोन इंजिनांच्या एअरबस ए350-900 यूएलआर विमानाने ती परत आणली. यात 1,65,000 लिटर इंधन मावते आणि प्रवासी फक्त 161.

प्रवासाला लागतात साडेअठरा ते एकोणीस तास. घड्याळ मात्र वेगळेच सांगते. न्यूयॉर्क 12 ते 13 तास मागे असल्याने दुपारी निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या संध्याकाळी तिथे उतरतो. म्हणूनच तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका. एकूण प्रवासाचे तास पाहा.