‘जेव्हा मी जात चोरली होती’ : एका न संपणाऱ्या निर्णयाची गोष्ट

चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू उचलणे. मग स्वतःचीच जात कशी काय चोरायची? बाबूराव बागुलांच्या या कथेचं नाव वाचलं की पहिला प्रश्न हाच पडतो. पण मराठीत आपण अंगसुद्धा चोरतो. गर्दीच्या एस.टी.त अंग चोरून उभं राहायचं, म्हणजे आपण जेवढे आहोत त्याहून कमी जागा घ्यायची. जेरी पिंटो यांनी २०१८ साली केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या नावात ‘हिड’ हे क्रियापद आहे, म्हणजे ‘लपवली’. अर्थ बरोबर आहे, पण अंग चोरणं त्यात येत नाही. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची मराठी पुस्तकाकडे जायची वाट बहुतेक वेळा इंग्रजीतूनच जाते, हे आपलं जाता जाता.)

कथासंग्रह १९६३ सालचा. कथेतला ‘मी’ हा दलित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतजवळच्या उधन्याला येतो. स्वतंत्र देश, नवी घटना, आता सगळं बदलणार, असा त्याचा उत्साह. राहायला खोली पाहिजे. बोलणं सुरू होतं आणि समोरचा विचारतो, जात कोणती? घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता १९५० मध्येच रद्द झाली होती, पण खोली देणारा काही घटना वाचून खोली देत नाही.

इथे तो काय करतो ते नीट बघण्यासारखं आहे. तो खोटी जात सांगत नाही. उलट तोच चिडतो, आवाज चढवतो, मी मुंबईकर आहे, जात कसली विचारता, असं बरंच काही बोलतो. समोरचा दबतो. खोटं बोललेलं नाही आणि खरंही सांगितलेलं नाही.

शाळेत मराठीच्या पेपरात हमखास प्रश्न असायचा : अमुक पात्राचा निर्णय योग्य की अयोग्य? सकारण लिहा. पाच मार्क. या कथेला हा प्रश्न लावून बघा, लागतच नाही. कारण निर्णय एका जागी सापडत नाही. मटेरियल्सच्या पेपरात आपण फटीग शिकतो ना? जो लोड रॉडने एकदा सहज पेलला असता, तोच लाखो वेळा येत-जात राहिला की रॉडला बारीक तडा जातो, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस काडकन तुटतो. या ‘मी’चं तसंच आहे. पहिल्या दिवशी गप्प राहणं सोपं होतं. पण तेच गप्प राहणं दुसऱ्या दिवशी कामावर, चहाच्या वेळी, कोणाच्या घरी पाऊल टाकताना परत परत ठरवावं लागतं.

आणि लोक चांगले वागतात, हीच खरी पंचाईत. रामचरण तिवारी नावाचा सहकारी त्याला कवी म्हणून मान देतो, जवळ करतो. हे प्रेम जेवढं वाढतं, तेवढं खरं सांगणं महाग होत जातं. शेवटी जात उघडी पडते तेव्हा मारणाऱ्यांत हाच रामचरण असतो. वाचताना मला राग त्याच्या माराचा कमी आला, आधीच्या प्रेमाचाच जास्त आला.

पण मग पहिल्याच दिवशी खरं सांगून मोकळं व्हायचं होतं की, असं कोणीही म्हणेल. बागुलांनी त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. काशिनाथ सकपाळ हा त्याच कामावरचा, जात न लपवणारा दुसरा दलित कामगार. त्याच्या वाट्याला उघड अपमान येतो आणि तोही कायम भांडणाच्या पवित्र्यात जगतो. खरं बोलणाऱ्याला बक्षीस वगैरे काही नाही. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, दोन्ही माणसाला सोलून काढणारी. शेवटी मार खाणाऱ्याला सोडवायला धावतो तोही काशिनाथच, आणि हे मला फार आवडलं.

अमेरिकेत नेला लार्सन या लेखिकेची १९२९ सालची ‘पासिंग’ ही कादंबरी याच जातीची, म्हणजे गोरी म्हणून जगणाऱ्या कृष्णवर्णीय बाईची. पण तेवढं लांब कशाला? आपल्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे होऊन गेले. शाहू महाराजांच्या पदरी नोकर. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि भाऊसिंगजी रोडवरच्या त्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा प्यायले. गंगारामांनी जात चोरली नाही, भर रस्त्यात धंदा केला. धाडस त्यांचं होतंच, पण दारात छत्रपतींची गाडी थांबत होती हेही विसरून चालणार नाही. मुलांच्या राहण्याच्या प्रश्नावर भाषण न देता १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग उभं राहिलं, तेही त्यांच्याच काळात. उधन्याच्या ‘मी’च्या मागे कोणाची गाडी होती? त्याच्या निर्णयाला मार्क देताना हा हिशेब धरायला नको का?

आता जात कोणी तोंडावर विचारत नाही, असं म्हणतात. खरं आहे. गेल्या वर्षी आम्ही काही जण रूम बघत फिरत होतो. एका ठिकाणी काकूंनी पाणी दिलं, भाडं सांगितलं, मग आमच्यातल्या एकाला विचारलं, ‘आडनाव काय म्हणालास बाळ?’ त्याने सांगितलं. आडनाव असं की त्यावरून काही कळत नाही. ‘गाव कुठलं? आणि पै-पाहुणे कुठले तुमचे?’

‘इंजिनिअरिंग, काकू,’ तो हसत म्हणाला. ‘थर्ड इयर. सगळे सब्जेक्ट क्लिअर आहेत.’

काकूही हसल्या. रूम मिळाली. तो अजून तिथेच राहतो आणि रविवारी काकू त्याला हाक मारून तांबडा-पांढरा खाऊ घालतात.