रंकाळ्यावरची फेरी आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

पहाटे कोल्हापूरच्या रंकाळ्यावर गेलात, तर फिरायला आलेल्यांची वर्दळ दिसेल. त्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसेही असतात. पूर्वी अशा रोग्याला कित्येक आठवडे खाटेवर निजवून ठेवीत. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. लेव्हाईन व डॉ. लाउन यांनी रोग्यांना लवकर आरामखुर्चीत बसवून पाहिले. पुढे त्यांना चालवण्यापर्यंत मजल गेली. बेताबेताने वाढवलेला व्यायाम, आहार, औषधे, तंबाखू सोडणे व मनाला धीर देणे, या सर्वांना मिळून आज ‘हृदय-पुनर्वसन’ म्हणतात.

पण चालल्याने कोलेस्टेरॉल जळून जाते का? नाही! कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. पेशींच्या आवरणाला व पित्तरसाला तो लागतोच, म्हणून यकृत तो स्वतः तयार करते. स्नायूंना मात्र तो इंधन म्हणून वापरता येत नाही. तेल जसे पाण्यात विरघळत नाही, तसा हा रक्तात विरघळत नाही. मेद व प्रथिने यांच्या सूक्ष्म कणांत बसून तो प्रवास करतो. यांपैकी एलडीएल नावाचे कण जादा झाले, की ते रोहिणीच्या भिंतीत शिरून साचतात. एचडीएल कण तेथील कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेतात.

मग व्यायाम काय करतो? स्नायूंचे इंधन असते ट्रायग्लिसराइड हा दुसरा मेद. नियमित चालण्याने तो कमी होतो व एचडीएल थोडे वाढते. एलडीएल मात्र नुसत्या चालण्याने फारसे उतरत नाही. ते उतरते आहाराने आणि मुख्यतः स्टॅटिन औषधांनी. जपानचे अकिरा एन्डो यांना १९७३ साली एका बुरशीत असे पहिले द्रव्य सापडले. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, तेव्हा यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातील एलडीएल ओढून घेते.

आता आपला पांढरा रस्सा घ्या. त्यातील नारळात कोलेस्टेरॉल नसते, पण संतृप्त मेद भरपूर असतो. तो वाढला, की यकृताची एलडीएल ओढण्याची शक्ती घटते. म्हणून ‘व्यायाम केला, की काहीही पचते’ हा तालमीतला हिशेब येथे चालत नाही.

मग चालायचे तरी कशाला? कारण सरावाने हृदय तेच काम कमी ठोक्यांत करते, रक्तदाब व साखर आटोक्यात राहते आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका घटतो. हे काम एकटी गोळी करीत नाही.

तुमच्या घरी असे कोणी आजोबा-काका असतील, तर दोन चुका टाळायला सांगा. भीतीपोटी अंथरूण धरणे ही पहिली, आणि ‘रोज फिरतो ना!’ म्हणून गोळी सोडणे ही दुसरी. किती चालायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. फेरीला सोबत मात्र तुम्ही जा!