खोक्यातलं अर्धं युनिट: पोर्टेबल सोलरचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब आडवे झाले आणि कोकणातली कितीतरी गावं त्यानंतर अनेक दिवस अंधारात होती. फोन बंद, पंखा बंद, विहिरीवरचा पंप बंद. अशा वेळी घडीचं सोलर पॅनल आणि बॅटरीचं पॉवर स्टेशन घरात असेल तर मोठा आधार होतो. पण हा आधार केवढा, हे माहीत नसताना घेतलेली वस्तू नेमकी गरजेच्या दिवशी दगा देते. म्हणून आधी काही गैरसमज दूर करू.

गैरसमज १: पॉवर स्टेशन घेतलं की घर चालतं.

वस्तुस्थिती: पॉवर स्टेशनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. उदाहरणार्थ, ५०० वॅट-तास म्हणजे आत साठणारी वीज, आणि ३०० वॅट म्हणजे एका वेळी देता येणारी ताकद. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे या खोक्यात मावते फक्त अर्धं युनिट वीज. त्यातलीही काही इन्व्हर्टरमध्ये खर्च होते आणि हाती साधारण ४२५ वॅट-तास उरतात.

आता हिशेब मांडू. ३० वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा, ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब आणि १० वॅटचा राउटर मिळून ५८ वॅट होतात. एवढ्यावर सहा-सात तास निघतात, म्हणजे एक रात्र बऱ्यापैकी पार पडते. पंखा जुना, ७५ वॅटचा असेल तर तेच खोकं चार तासांत रिकामं होतं. नवी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलणं अनेक घरांत जास्त शहाणपणाचं ठरतं.

मिक्सर (५०० ते ७५० वॅट), इस्त्री (१००० वॅट) आणि गिझर (२००० वॅट) या खोक्यावर चालणारच नाहीत. मोटर असलेलं कुठलंही यंत्र सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतं, हेही लक्षात ठेवा.

गैरसमज २: १०० वॅटचं पॅनल १०० वॅट देतं.

वस्तुस्थिती: तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि पॅनलच्या सेलचं तापमान २५ अंश, अशा स्थितीत तो मोजतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पॅनल हाताला चटका देतं.

मी गच्चीवर १०० वॅटचं पॅनल फरशीवर पसरलं तेव्हा पडद्यावर ६८ वॅट दिसले. धूळ पुसली, खाली विटा लावून हवा खेळती केली, तोंड सूर्याकडे वळवलं. आकडा ७४ वर गेला. त्याहून वर काही जाईना. चांगल्या उन्हात ६० ते ७५ वॅट हीच खरी अपेक्षा. म्हणजे ५०० वॅट-तासांचं खोकं भरायला सात तास चांगलं ऊन लागतं. एवढं ऊन एका दिवसात क्वचितच मिळतं, म्हणून दीड दिवस धरून चाला.

गैरसमज ३: ऊन जितकं कडक, तितकी वीज जास्त.

वस्तुस्थिती: पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. सिलिकॉनचं पॅनल तापलं की दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं. सेल ६५ अंशांवर गेला तर बारा ते सोळा टक्के वीज तिथेच गेली. पाऊस उघडल्यावरचं स्वच्छ, गार ऊन म्हणूनच वैशाखातल्या धुळकट दुपारपेक्षा सरस ठरू शकतं. भर पावसाळ्यातल्या काळ्या ढगांखाली मात्र उत्पादन अगदी थोड्यावर येतं. तेव्हा वादळाचा इशारा मिळाला की विजेवरच खोकं पूर्ण भरून ठेवावं.

गैरसमज ४: थोडी सावली पडली तर थोडंच नुकसान.

वस्तुस्थिती: पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक अडला की त्याच्या साखळीतले सगळे अडतात. माझ्या त्याच पॅनलच्या एका कोपऱ्यावर दोरीवरच्या टॉवेलची सावली आली आणि ७४ वॅटचे ३१ झाले. बंद खिडकीच्या काचेमागे पॅनल ठेवणंही टाळा. काच आणि तिरपं ऊन मिळून बरीच वीज खातात.

गैरसमज ५: पॅनलशेजारी खोकंही उन्हात ठेवलं तरी चालतं.

वस्तुस्थिती: पॅनल उन्हात, खोकं सावलीत, हा नियम पाळा. लिथियम बॅटरी बहुधा ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ती ठेवू नका. घेताना ‘लिथियम आयर्न फॉस्फेट’ प्रकारची बॅटरी निवडा. ती उष्णतेत जास्त स्थिर असते आणि दोन-तीन हजार वेळा भरता येते. वापर नसेल तेव्हा अर्धी-पाऊण भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तपासा. बॅटरी संपली की कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा केंद्रात द्या.

गैरसमज ६: ऑक्सिजन यंत्रही यावर निर्धास्त चालवता येतं.

वस्तुस्थिती: पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतं. ३०० वॅटच्या खोक्यावर ते सुरूच होणार नाही. मोठ्या ताकदीच्या पण ५०० वॅट-तासांच्याच खोक्यावर जेमतेम सव्वा तास चालेल. घरात असा रुग्ण असेल तर भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हाताशी हवाच.

गैरसमज ७: खोक्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये लावली की सगळ्या खोल्यांत वीज येते.

वस्तुस्थिती: हा सर्वांत धोकादायक गैरसमज. दोन्ही टोकांना प्लग लावलेल्या वायरच्या उघड्या पिनांमध्ये २३० व्होल्ट खेळत असतात. ही वीज मीटरमधून बाहेरच्या तारांत जाऊ शकते आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ११,००० व्होल्टची होऊ शकते. शेजारच्या घरांचा भार पडून छोटा इन्व्हर्टर बहुतेक वेळा बंद पडेल. पण लाईन जवळच तुटलेली असेल, तर तो बंद पडेलच याची खात्री नाही. आणि त्याच वेळी कुणी लाईनमन बंद तार समजून तिला हात लावत असतो.

छतावरचं नेट-मीटरिंगचं साधं सोलर वीज गेल्यावर आपोआप बंद होतं, ते याच माणसाच्या जिवासाठी. म्हणून उपकरणं थेट खोक्यालाच जोडा. घराच्या वायरिंगला जोडायचंच असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या. वीज गेल्यावर काय चालायलाच हवं, त्याचे वॅट किती आणि किती तास, एवढं लिहा. गुणाकार करा, बेरीज करा, त्यात पाव हिस्सा जादा धरा. त्या बेरजेएवढं खोकं घ्या, त्याहून लहान घेऊ नका. आणि वादळानंतर आपल्या घरात दिवा लागला, तरी खांबावर चढलेल्या माणसाची आठवण ठेवा.