देव फिर्यादी होतो तेव्हां

संग्रहालयांत कांचेच्या कपाटापुढें उभा राहिलेला प्रेक्षक मूर्तीचें नांव वाचतो, शतक वाचतो आणि पुढें सरकतो. ही मूर्ति येथें आली कशी व ती खरोखर कोणाची, हे प्रश्न बहुधा त्याच्या मनांत येत नाहींत. संग्रहालयाच्या चालकांस मात्र त्यांचें उत्तर द्यावेंच लागतें. खरेदीची पावती हातीं आली म्हणजे मालकी सिद्ध झाली, ही समजूत किती फसवी आहे, हें तामिळनाडूंतील पत्तूर गांवच्या नटराजाच्या खटल्यावरून कळून येतें.

१९७६ सालीं या गांवीं एका पडक्या शिवालयाजवळ जमीन खणतांना एका मजुरास नटराजाची चोळकालीन ब्राँझमूर्ति सांपडली. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें भूमिगत धन सांपडल्यास कलेक्टरास कळवावें, असा १८७८ चा कायदा आहे. परंतु तसें न होतां मूर्ति हातोहात विकली जाऊन देशाबाहेर गेली. १९८२ सालीं कॅनडांतील एका कंपनीनें ती सद्भावनेनें विकत घेतली आणि पारख व डागडुजी यांसाठीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे सोंपविली. तेथें पोलिसांनीं ती ताब्यांत घेतली, तेव्हां कंपनी न्यायालयांत गेली.

त्या दाव्यांत भारत सरकार व तामिळनाडू सरकार यांच्या जोडीला तें देवालय, आणि त्यांतील शिवलिंगही, हक्कदार म्हणून उभें राहिलें! हिंदु धर्मशास्त्राच्या परंपरेप्रमाणें देवाला मालमत्ता असते व विश्वस्तामार्फत तो दावाही करूं शकतो. प्रिव्ही कौन्सिलनें हें तत्त्व कलकत्त्याच्या एका खटल्यांत १९२५ सालींच मान्य केलें होतें. इंग्लंडच्या कायद्यांत मात्र देवळास असें व्यक्तित्व नाहीं. मग परक्या देशांतील, भग्नावस्थेंतील देवालयाचें म्हणणें तेथील न्यायाधीशांनीं ऐकावें काय?

त्याआधीं मूर्तीची ओळख पटणें अवश्य होतें. पत्तूर येथें मागाहून सांपडलेल्या मूर्तींशीं तिची घडण व धातु ताडून पाहिला. तिला चिकटलेली माती व वाळवीच्या खुणाही तपासल्या. साक्षी ऐकून १९८८ सालीं न्यायाधीशांनीं ती त्याच देवळाची ठरविली. १९९१ सालीं अपील न्यायालयानेंही तो निर्णय कायम केला. देवालयास त्याच्या स्वदेशीं दावा करतां येतो, तर इंग्लंडांतही तें आपल्या प्रतिनिधीमार्फत दाद मागूं शकतें, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षीं नटराज भारतांत परतला.

खरेदीदाराची सद्भावना येथें कामास आली नाहीं. विकणाराचाच हक्क सदोष असेल, तर घेणाराच्या पदरीं त्याहून चांगला हक्क पडणें कठीण. तरीही पुढें ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानें श्रीपुरंदान येथील देवळांतून चोरलेला दुसरा नटराज २००८ सालीं पन्नास लाख डॉलर देऊन विकत घेतला, आणि २०१४ सालीं तो भारतास परत करावा लागला.

वस्तु कोठें सांपडली, देशाबाहेर कोणत्या परवानगीनें गेली, मधल्या काळांत कोणाच्या घरीं होती, या प्रश्नांचीं उत्तरें संग्रहालयानें पैसे मोजण्यापूर्वीं मिळविलीं पाहिजेत. भारतापुरतें पाहिलें तर १९७२ च्या कायद्यानें केंद्र सरकार वा त्यानें अधिकार दिलेली संस्था यांवांचून कोणासही पुरावस्तु परदेशीं धाडतां येत नाहीं. ज्या मूर्तीच्या कागदपत्रांत हा मधला दुवाच नाहीं, तिचा खरा धनी एखाद्या पडक्या देवळांत अजून वाट पाहत असण्याचा संभव आहे.