थकलेल्या पावलांची वाट

आषाढात कोल्हापुरास पावसाची झड लागते. पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागते आणि पेठांतील जुन्या घरांच्या परसात दगडी फरशीवर शेवाळ धरते. घाटावर जपून पाऊल टाकणारी माणसे घरात मात्र निर्धास्त असतात. परंतु वृद्ध माणसे पुष्कळदा पडतात ती घरातच, रोजच्या पायाखालच्या वाटेवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात. त्यांत साठी उलटलेल्यांची संख्या सर्वांत मोठी असते.

माणूस उभा राहतो तो केवळ पायांच्या बळावर नव्हे. डोळे, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि तळपाय व सांधे हे तिघे क्षणोक्षणी मेंदूला शरीराच्या स्थितीची वार्ता देत असतात. डोळे मिटून एका पायावर उभे राहिले, की एक वार्ताहर गप्प झाल्याने काय होते, हे तत्काळ कळते. वार्धक्यात हे तिघेही मंदावतात. स्नायूंचे बळ घटल्याने गेलेला तोल चटकन सावरत नाही. हाडे ठिसूळ होतात, विशेषतः स्त्रियांची. म्हणून जेथे नातू पडून पुन्हा धावू लागतो, तेथे आजीच्या खुब्याचे हाड मोडते. बिछान्यावरून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून घेरीही येते.

यावरील उपाय थोड्या खर्चाचे आहेत. उंच उंबरठा काढता आला नाही, तरी त्याच्या कडेला पांढरा रंग देता येतो. परसातील शेवाळ घासून काढावे. न्हाणीघराच्या भिंतीत पक्की दांडी बसवावी. टॉवेल टाकण्याची दांडी माणसाचा भार सोसत नाही. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद दिवा असावा. कोल्हापुरी वहाणा कितीही डौलदार असल्या, तरी गुळगुळीत कातडी तळ ओल्या फरशीवर घसरतो; तेथे खरखरीत रबरी तळच बरा.

एवढे करूनही कोणी पडलेच, तर त्यांना घाईने ओढून उठवू नये. कोठे दुखते ते विचारावे. खुब्यात कळ येत असेल किंवा पाय हलवता येत नसेल, तर त्यांना तसेच राहू द्यावे, अंगावर पांघरूण घालावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अनेक आजीआजोबा आपण पडल्याचे कोणास सांगत नाहीत. आपला त्रास घरच्यांना होऊ नये, असे त्यांना वाटते. शिवाय "आता एका जागी बसून राहा" असे कोणी म्हणेल, ही धास्ती असते. आणि बसून राहिल्याने स्नायू अधिकच दुबळे होतात व पडण्याचा धोका वाढतो. म्हणून त्यांचे चालणे थांबवू नये, त्यांची वाट निर्धोक करावी. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश चालतात, तेव्हा नातवाने आपली चाल थोडी मंद केलेली असते. तेवढ्याने आजोबांना रोज तळ्याकाठची हवा मिळते.