एका संगणकात दोन पाळ्यांची शाळा

बालमित्रांनो, एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी शाळा भरते, हे तुम्हांला ठाऊक असेल. इमारत तीच, फळाही तोच. पण शिक्षक वेगळे, शिस्त वेगळी. संगणकातही अशी दोन पाळ्यांची शाळा भरवता येते बरं का!

संगणकाचा सारा कारभार पाहते ती ऑपरेटिंग सिस्टिम. पुष्कळ घरी ती विंडोज असते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या संगणकाला विंडोज ११ पेलत नसेल, तर तो काय भंगारात द्यायचा? छे! त्यात लिनक्सही बसवता येते. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा तयार केला. लिनक्स फुकट मिळते. आपल्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीही त्यावरच बेतलेली आहे.

मग करायचं कसं? आपल्या यवतमाळकडे वावराची वाटणी झाली की मधे धुरा घालतात. तसेच हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. संगणक सुरू केला की ‘ग्रब’ नावाचा छोटासा प्रोग्राम विचारतो, “आज कोणाची पाळी?” हवी ती निवडा आणि एंटर दाबा. दोन्ही एकदम चालत नाहीत हं! बदलायचे तर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

पण थांबा! शाळेच्या संगणकावर हे करताना मी ‘विंडोजशेजारी बसवा’ऐवजी ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय दाबला. स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो गेले. “सर, दुसरीकडे उतरवून नव्हते ठेवले?” चौथीतल्या एका मुलीने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, महत्त्वाच्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर उतरवा आणि त्या उघडतात ना, ते पाहा. दुसरी, लिनक्ससाठी वेगळा पेन ड्राइव्ह घ्या, कारण तो तयार करताना त्यातले सगळे पुसले जाते. त्यावरून लिनक्स न बसवताही चालवून पाहता येते. तिसरी, डिस्कचे भाग पडत असताना लाइट गेली तर फाइली बिघडू शकतात. तेव्हा यूपीएस हवाच, आणि शेजारी घरातले मोठे माणूसही हवे.

पाळी कोणाचीही असो, आधी दप्तर सांभाळा!