बेताच्या पैशांत नीटस पोशाख

पहिल्या मुलाखतीसाठीं कर्ज काढून कोट घेणारे तरुण मीं पाहिले आहेत. वस्तुतः पोशाख उंची दिसणें हें किंमतीपेक्षां मापावर अधिक अवलंबून असतें. सदऱ्याची खांद्यावरील शिवण खांद्याच्या टोकाशींच यावी. ती दंडावर उतरली कीं भारी कापडहि उसनें वाटतें. बाह्या किंवा विजारीची लांबी शिंपी थोड्या पैशांत आखूड करतो, खांदा मात्र सहसा सुधारत नाहीं. म्हणून तयार कपडा घेतांना खांदा आधीं पाहावा. मग कपडा उलटून आंतून तपासावा. टांके बारीक असावेत, शिवणींत माया भरपूर असावी, म्हणजे पुढें अंग सुटल्यास तो सैल करतां येतो. रेघांचें कापड असेल तर खिशावरील रेघा अंगावरील रेघांशीं जुळल्या आहेत कीं नाहींत, हें पाहावें. एवढें मिळाल्यावर छाप कोणाची, हें विचारणाऱ्यांची मला गंमत वाटते.

हिशेबहि करून पाहा. १२०० रुपयांचा सदरा १५० वेळां वापरला, तर एका वापरास ८ रुपये पडतात. ५०० रुपयांचा २५ वेळांत विटला, तर २०. सुती कापड शिवण्यापूर्वीं भिजवून वाळवावें, नाहींतर पहिल्याच धुण्यांत तें आटतें. इस्त्री कापड किंचित् ओलसर असतांना फिरवावी. कॉलर झिजल्यास कुशल शिंप्याकडून उलटवून घ्यावी; सदरा आणखी कांहीं महिने सहज चालतो.